बझरची तार तोडू नका



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. समुद्र राहिला घाटाखाली, आणि हे मास्तर सातारा-सांगलीच्या लोकांना बोटीच्या इंजिनाचे काय सांगणार? पण जरा आठवून पाहा. १९६० च्या दशकात कोयनेचे धरण झाले आणि त्याच्यामागे शिवसागर पसरला. बामणोली, तापोळा, पलीकडचे कांदाटी खोरे, या भागातल्या कित्येक वाड्यांना तेव्हापासून लाँच हीच बैलगाडी आणि लाँच हीच एस.टी. बाजाराला लाँच, लग्नाला लाँच, दवाखान्यालाही लाँच. इकडे सांगलीला कृष्णामाईची तऱ्हा वेगळी. आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ वर गेले की धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले. त्याच महापुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. त्या अपघाताची चर्चा मी येथे करणार नाही. तो विषय आजचा नाही, आणि ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे यंत्राच्या गोष्टी सांगू नयेत. एवढेच म्हणतो की त्यानंतर कृष्णा-वारणेच्या काठी पुष्कळ गावांत इंजिनाच्या बोटी आल्या, आणि त्या चालविणारे हात बहुधा शेतकऱ्याचे आहेत. त्यांच्यासाठी आजचे बोलणे.

आपल्या लोकांना इंजिन नवे नाही. विहिरीवर डिझेल इंजिन असे, त्याला हँडल मारून चालू करायचे. त्यात ना बॅटरी, ना चावी, ना दिवा. इंजिन तापले की वासावरून कळायचे, तेल कमी झाले की आवाजावरून. लाँचचे इंजिन तसे नाही. ते फळीखाली झाकलेले असते, वर माणसे, करंड्या, कोंबड्या, आणि चालविणारा पुढे उभा. त्याला वास येत नाही नि आवाजातला फरक कळत नाही. म्हणून इंजिनाने त्याच्या कानाशी एक निरोप्या ठेवलेला असतो. तो म्हणजे बझर. तेलाचा दाब पडला, पाणी तापले, किंवा बॅटरी चार्ज होईना, म्हणजे बझर ओरडतो आणि त्या त्या बिघाडाचा दिवा लागतो.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. शिवसागराच्या काठचे एक लाँचवाले, आपण त्यांना नुसते तात्या म्हणू, माझ्याकडे आले ते इंजिनाचे हेड उतरवून झाल्यावरच. झाले होते असे. महिनाभर त्यांचा बझर मधूनच वाजायचा. इंजिनाचा वेग वाढविला, रात्रीचे दिवे लावले, की चार्जिंगचा दिवा लुकलुकायचा आणि बझर किंचाळायचा. वेग कमी केला की गप्प. उतारू दचकायचे, बायामाणसे विचारायची, "तात्या, बुडत नाय ना ओ?" शेवटी एका कारागिराने पक्कड घेऊन बझरची तार तोडली. मी विचारले, "तात्या, का तोडलीत?" ते म्हणाले, "गुरुजी, लई कोकलायचं बघा. कान किटलं. आन इंजान तर चांगलं चाललं होतं की!"

पुढे पंधरा दिवसांनी दिवेलागणीला ते एका वाडीहून एक मूल घेऊन निघाले. मूल तापाने फणफणलेले, आई त्याला मांडीवर घेऊन बसलेली. निम्म्या पाण्यात इंजिनाचा पट्टा तुटला. चार्जिंगचा दिवा लागला असणार, पण समोर मावळतीचे ऊन, दिवा कुणाला दिसला नाही. त्या इंजिनावर अल्टरनेटर फिरविणारा आणि थंड पाण्याचा पंप फिरविणारा पट्टा एकच. पंप थांबला. पाणी तापले. उष्णतेचाही दिवा लागला असेल. ओरडायचे काम ज्याचे, त्याची तर जीभच कापलेली. फळीखालून वाफ आली तेव्हा कळले. इंजिन बंद पडले आणि लाँच मधोमध तरंगत राहिली. पाऊण तासाने दुसरी लाँच आली, दोर बांधला, काठाला नेले. मूल वाचले, ही ईश्वराची कृपा. हेडचे पॅकिंग मात्र गेले होते.

पट्टा का तुटला? अल्टरनेटर ज्या पट्टीवर ताणून बसवितात तिचा नट कंपनाने ढिला झाला होता. पट्टा सैल पडून घसरत होता, झिजत होता, पुलीभोवती काळी भुकटी साचली होती. म्हणजे महिनाभर बझर जे ओरडत होता ते अगदी खरे होते. एका पान्याचे काम होते.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात धरा. चावी फिरविली आणि इंजिन अजून सुरू केले नाही, अशा वेळी बझर ओरडलाच पाहिजे. पुष्कळजण येथेच फसतात. "इंजिन सुरूही नाही आणि हा ओरडतो, म्हणजे बिघडला" असे म्हणतात. अहो, इंजिन थांबलेले असताना तेलाला दाब कुठून येणार? तेलाच्या दाबाचा जो स्विच इंजिनाच्या अंगावर बसविलेला असतो, तो दाब नसताना जोडलेला राहतो. म्हणून दिवा लागतो, बझर वाजतो. इंजिन सुरू झाले, काही सेकंदांत दाब आला, की स्विच आतून सुटतो आणि बझर गप्प होतो. रोज सकाळचे हे ओरडणे म्हणजे निरोप्याची हजेरी. ज्या दिवशी चावी फिरवूनही तो मुका राहील, त्या दिवशी लाँच पाण्यात घालू नये. काही नव्या इंजिनांत तो क्षणभरच वाजून थांबतो, आपल्या इंजिनाची रीत पुस्तिकेत एकदा पाहून ठेवावी.

उष्णतेच्या स्विचचे उलटे आहे. तो थंड असताना सुटलेला आणि तापल्यावर जोडला जाणारा. त्यामुळे चावीबरोबर त्याची हजेरी लागत नाही, ती आपण घ्यावी लागते. इंजिन बंद, चावी चालू. उष्णतेच्या स्विचवर एकच तार असेल तर ती काढून इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा. दिवा लागून बझर वाजला तर तार, दिवा, बझर सगळे ठीक. नाही वाजला तर वाटेत कुठेतरी खंड आहे. दोन मिनिटांचे काम. महिन्यातून एकदा करावे.

या दोन्ही तारांचा आणि चार्जिंगच्या दिव्याच्या तारेचाही स्वभाव एकच: तार तुटली की मुकी, आणि घासून लोखंडाला टेकली की सारखी बोंबलती. इंजिन थंडगार आहे, तेल काठीवर बरोबर आहे, आणि तरी दिवा विझत नाही, असे झाले तर तार कुठे कातडे सोलून इंजिनाला लागली आहे का, ते हाताने चाचपीत जावे. पण थांबा, हे निदान दुसऱ्या क्रमांकाचे. पहिल्यांदा बझर खरे बोलतो असेच धरायचे, इंजिन बंद करायचे, तेल नि पाणी पाहायचे. तारेवर संशय मागाहून.

आता चार्जिंगचा दिवा. हा या सगळ्यांत मोठा चमत्कारिक. याच्यावर थोडा वेळ काढतो, कारण शिक्षक बंधु-भगिनींनाही हे वर्गात सांगता येईल.

हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे. एरवी वारणा धावत येऊन कृष्णेत पडते. पण कृष्णेला मोठा पूर आला म्हणजे वारणेचे पाणी अडते, थांबून राहते, मागे फुगते. का? दोन्हींकडची पातळी सारखी झाली. आता वाहायचे कुणी नि कुणीकडे? चार्जिंगच्या दिव्याचे नेमके हेच आहे. त्याच्या एका बाजूला चावीमार्गे बॅटरी, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटर. इंजिन थांबलेले असते तेव्हा अल्टरनेटरची बाजू रिकामी. बॅटरीकडून वीज दिव्यातून तिकडे वाहते आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झाले, अल्टरनेटर वीज करू लागला, की दोन्ही बाजूंची पातळी सारखी होते. प्रवाह थांबतो. दिवा विझतो.

वर्गात दाखवायचे तर विजेरीचे दोन सेल, एक लहान बल्ब आणि थोडी तार पुरे. एका सेलच्या टोपीला, म्हणजे धन टोकाला, बल्बचे एक टोक जोडा. बल्बच्या दुसऱ्या टोकापासून तार घेऊन त्याच सेलच्या बुडाला लावा. बल्ब लागेल. हे झाले बंद इंजिन. आता ती तार काढून तिच्या जागी दुसरा सेल घाला, त्याची टोपी बल्बकडे आणि दोन्ही सेलची बुडे एकमेकांना जोडलेली. बल्ब विझेल. सेल दोन झाले आणि उजेड गेला, हे पाहून मुलांचे डोळे कसे मोठे होतात, ते पाहण्यासारखे असते! सेल मात्र दोन्ही नवे घ्यावेत. एक जुना असला तर बल्ब किंचित मिणमिणेल, आणि तेही पुढे उपयोगी पडणारच आहे.

आणखी एक. चार्जिंगच्या दिव्यातून जी थोडी वीज अल्टरनेटरकडे जाते, तिनेच तो जागा होतो. त्याच्या आतले चुंबक त्या विजेवर तयार होते. म्हणून हा बल्ब जळला तर नुसता इशारा जात नाही, कधीकधी चार्जिंगच सुरू होत नाही. चावी फिरविली आणि चार्जिंगचा दिवा लागलाच नाही, तर "बरं झालं, बिघाड नाही" म्हणू नका. बल्ब पाहा, फ्यूज पाहा, अल्टरनेटरच्या मागची बारीक तार निसटली आहे का पाहा. हल्ली काहीजण जुना बल्ब काढून तेथे एलईडी लावतात. तिच्यातून इतकी थोडी वीज जाते की अल्टरनेटर झोपूनच राहतो. लावायचीच असेल तर जाणत्या वायरमनकडून तिच्या जोडीला योग्य रेझिस्टर घालून घ्यावा.

तात्यांच्या लाँचकडे परत येऊ. हेड बसले, नवा पट्टा आला. पट्टा किती ताणावा? दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. फार ताणला तर बेअरिंग जाते. बझरची तोडलेली तार जोडली. चावी फिरवली, ओरडला. इंजिन सुरू झाले, गप्प झाला. सगळ्यांना वाटले, झाले काम. पण संध्याकाळी दिवे लावले तेव्हा चार्जिंगचा दिवा पुरता विझेना. अंधारात दिसेल न दिसेल इतका मिणमिणत राहिला. तात्यांचा मुलगा म्हणाला, "अल्टरनेटर गेला, बदलूया." अल्टरनेटर म्हणजे काही हजारांचे काम. मी म्हटले, आधी मीटर लावू.

श्रोतेहो, विजेचा मीटर आता काही शे रुपयांना मिळतो. बोट चालविणाऱ्या प्रत्येकाजवळ तो असावा असे माझे मत आहे, निदान गावात एक तरी असावा. आकडे थोडेच लक्षात ठेवायचे आहेत. बारा व्होल्टची बॅटरी, इंजिन बंद ठेवून काही तास निवांत राहिल्यावर १२.६ दाखवील तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रितीच. इंजिन जरा वेगात चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसले पाहिजे. इंजिन चालू असूनही १२.३ वरच राहिले, तर तिला काही मिळत नाही.

तात्यांच्या लाँचमध्ये बॅटरीवर १२.३ होते. मुलाचे म्हणणे खरे ठरते की काय असे वाटले. पण नंतर मीटरची टोके अल्टरनेटरच्याच जाड तारेच्या खुंटावर आणि त्याच्या अंगावर लावली. तेथे १४.४! म्हणजे अल्टरनेटर इमानाने वीज करीत होता, आणि दोन व्होल्टांहून अधिक वाटेत गळत होते. पाटाला पाणी सोडले आहे भरपूर, पण शेतापर्यंत पोचत नाही. तेव्हा आपण धरणाला दोष देतो का? पाट कुठे फुटला ते पाहतो. तसेच येथे. दिवा का मिणमिणत होता तेही आता कळले असेल: एकीकडे १४.४, दुसरीकडे १२.३, पातळी सारखी नाही, म्हणून थोडी वीज उलट्या दिशेने दिव्यातून झिरपत होती. वर्गातल्या त्या जुन्या सेलसारखीच.

फूट शोधण्याची रीत अशी. इंजिन चालू, दिवे चालू. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड खुंटावर, दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलवर. चांगल्या तारेवर फार तर पाव-अर्धा व्होल्ट दिसावा. जास्त दिसला तर दुसरे टोक एकेक जोड अलीकडे आणीत जायचे; ज्या जोडाशी आकडा एकदम पडतो, तोच चोर. असेच अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंतही पाहावे, कारण परतीची वाट बिघडली तरी परिणाम तोच. तात्यांकडे चोर सापडला तो बॅटरीच्या मुख्य स्विचवर. तारेच्या टोकाला दाबून बसविलेला तांब्याचा कान बाहेरून नीट दिसत होता, पण रबराची टोपी मागे सारली तर आत हिरवा बुरा. तार हलवली तर दोन-चार धाग्यांवर तगलेली. टोक कापून नवा कान बसविला, घासून चकचकीत केला, वरून व्हॅसलीन लावले. पुन्हा मीटर लावला: बॅटरीवर १४.१. दिवा विझला. खर्च चहासकट शंभराच्या आत.

हे काम करताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. पट्टा फिरत असताना धोतराचा सोगा, पदर, मफलर जवळ नको. तारा खोलण्यापूर्वी इंजिन बंद करून बॅटरीची ऋण तार आधी काढा, म्हणजे पान्याने ठिणगी पडणार नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेथे विडी नको. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार किंवा मुख्य स्विच कधीही काढू नका. डायनामोच्या काळातले जुने फिटर तार टेकवून ठिणगी पाहत, आणि ते चालूनही जाई. अल्टरनेटरच्या पोटात डायोड असतात. पंपाच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखे, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे. असा झटका बसला की ते एका क्षणात जळतात. तारेची ठिणगी पाहायला जावे आणि अल्टरनेटर विकत आणावा, असे होते. ज्या लाँचचे डिझेल इंजिन दांडा ओढून बंद होते, तिथे आधी दांडा ओढावा, इंजिन पुरते थांबू द्यावे, मगच चावी काढावी. चावी आधी काढली तर इंजिन चालूच राहते आणि बझर मात्र झोपतो.

आता पुराच्या बोटींकडे वळतो. तेथे बहुधा मागे टांगलेले पेट्रोल इंजिन असते. त्यात पट्ट्यावरचा अल्टरनेटर नसतो. मोटारसायकलप्रमाणे फिरत्या चाकाखालीच वीज करणारी कॉइल असते. लहान इंजिने दोरी ओढून सुरू होतात, त्यांना बॅटरीही लागत नाही. तेव्हा चार्जिंगच्या दिव्याची वरची सगळी कथा तेथे लागू नाही, मीटर मात्र लागू आहे. पण पुरात ज्या कारणाने बझर वाजतो ते बहुतेक वेळा एकच: उष्णता. या इंजिनाला थंड करणारे पाणी नदीतूनच खालच्या जाळीतून ओढले जाते, आणि ते फिरते आहे याची खूण म्हणून मागे एक बारीक धार सतत पडत असते. महापुराच्या पाण्यात काय नसते? उसाचे पाचट, जलपर्णी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, गाळ. जाळी बुजली की धार बारीक होते, मग थांबते, मग बझर. बोटीवर एक माणूस असा नेमावा की त्याचे लक्ष त्या धारेवर राहील. म्हणजे बझरच्याही आधी कळेल. बझर वाजलाच तर वेग उतरवा, बोट ओढीच्या बाहेर काढा, झाडाला किंवा खांबाला धरून घ्या, आणि मगच इंजिन बंद करून वर उचला, जाळी साफ करा. भर प्रवाहात, बोट धरून ठेवण्याची सोय न करता इंजिन बंद करू नका. तापलेले इंजिन एक वेळ दुरुस्त होते.

खरी अडचण निराळीच आहे. ही बोट अकरा महिने ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये पडून असते. बॅटरी आपोआप उतरते, टर्मिनलवर पांढरा बुरा येतो, तारेची कातडी उंदीर कुरतडतात. आणि ज्या रात्री पाणी चढते त्याच रात्री सगळे आठवते. त्यासाठी दर महिन्याला बॅटरी चार्जरवर लावावी. टर्मिनल गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावे, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवून पाहावे; पण कोरडे चालवू नये. कोरडे चालविले तर पाण्याच्या पंपाचे रबरी पाते मिनिटा-दोन मिनिटांत जळते. मोठे पिंप पाण्याने भरावे, इंजिनाचा खालचा भाग जाळीच्या वरपर्यंत त्यात बुडवावा, गिअर न टाकता चालवावे, धार पडते का ते पाहावे. जवळपास मुले असतील तर पंख्यापासून दूर ठेवावीत. शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी हे काम वरच्या वर्गातल्या मुलांसमोर करून दाखविले तर बोटीचीही निगा होईल.

मृगाच्या आधी, मेच्या अखेरीस, ग्रामपंचायतीने आणि लाँचवाल्यांनी एक दिवस यासाठी काढावा. चावी फिरवून बझर ऐकावा. ज्यांच्या बोटीत तो आधीच तोडलेला आहे, त्यांनी पहिल्यांदा ती तार जोडून घ्यावी, आणि मग तो कशासाठी ओरडत होता ते शोधायला बसावे.